ओटमारचे पत्ते कोणी खेळत नव्हतं

तांब्याचा पत्रा कोरायला घेण्याआधी ओटमार त्यावर नखाने टिचकी मारायचा. पत्रा खणकन वाजला तर ठेवून घ्यायचा, बद्द वाजला तर परत करायचा. परत करताना काही बोलायचा नाही. बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

ब्राइझाखमध्ये त्याला पत्रे पुरवायचं काम माझं होतं. तांबं तापवून बडवलं की भराभर पसरतं, पण असा पत्रा मऊ राहतो. मऊ पत्र्यावर कोरलेली रेघ छापताना चरकाच्या दोन रुळांत दाबली जाते आणि थोड्याच छापांत मिटते. म्हणून शेवटचं बडवणं थंड तांब्यावर करायचं असतं. थंड तांबं हातोडीला जुमानत नाही. प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा चढला पाहिजे. खांदा भरून आला की घाव तिरपा पडतो, आणि तिरपा पडलेला घाव पुढे कितीही घासला तरी जात नाही. मग दगडाने घासायचं, कोळशाने घासायचं, तेल आणि खडूने घासायचं. पत्र्यात आपल्या दाढीचा केस न् केस दिसायला लागला की थांबायचं. हे सगळं झाल्यावर तो टिचकी मारायचा.

ओटमार आता नाही. मीही हातोडी ठेवली. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने नको ते ऐकू येतं. त्याच्याविषयी लोक जे सांगतात त्यात तो मोठा कलावंत होता असं असतं. होता. पण त्याला ते व्हायचं नव्हतं.

तो मूळचा सोनार. कोन्स्टान्झच्या सरोवराकडून आला. तिकडे चांदीच्या पेल्यांवर वेली कोरायचा. ते पेले श्रीमंतांच्या कपाटात जातात आणि सणाला बाहेर काढून पुसून परत ठेवतात, एवढंच त्यांचं आयुष्य, हे त्याच्या डोक्यात बसलं. लोकांच्या हातात फिरेल, आपटली जाईल, झिजेल अशी वस्तू करायची, असं ठरवून तो पत्त्यांकडे वळला. चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर पत्रा ठेवायचा, कोरणी स्थिर धरायची आणि पत्रा फिरवायचा. कोरणीचा हात हलला की काम गेलं. ओटमारचा हात हलत नसे. घरात कोणी शिंकलं तरी हलत नसे.

बाजारात जे पत्ते मिळायचे ते गांगोल्फ पत्तेवाल्याचे. लाकडी ठशाने छापायचे, वर कापलेलं कातडं ठेवून रंगाचा कुंचला फिरवायचा. पत्त्यांच्या जाती चार: पान, ओक झाडाचं फळ, बदाम, घंटा. लाल रंग बदामाच्या बाहेर सांडलेला. दोन महिने टिकायचे.

ओटमारने त्यांच्या जागी फुलं, पक्षी, हरणं, श्वापदं आणि रानमाणसं घेतली. रानमाणसं म्हणजे अंगभर केस असलेली, हातात सोटा घेतलेली. प्रत्येकात राजा, राणी, वरचा शिपाई, खालचा शिपाई आणि मग आकड्यांची पानं. पक्ष्यांच्या नव्वीत नऊ पक्षी, आणि नऊच्या नऊ वेगळे. एक मान वळवून पाठ साफ करतोय. एक उलटा लटकलाय. एक किड्याला ओढतोय आणि किडा येत नाहीये. एक पाय खाजवतोय. प्रत्येक पिसावर रेघा, आणि रेघांच्या मधे आणखी बारीक रेघा. त्या पाहायला मला पत्रा उजेडात तिरका धरावा लागायचा. हे पक्षी त्याने नदीकाठच्या लव्हाळ्यात बसून पाहिले होते. थंडीतही बसायचा. घरी आल्यावर बोटं उघडेनात तर कोरणी दुसऱ्या दिवशी धरायची, पण बसणं चुकवायचं नाही.

पानं माझ्याकडेच छापली जायची, कारण चरक माझा होता. काजळी जवसाच्या तेलात घोटायची, पत्र्यावर चोपडायची, आणि मग तळहाताने पुसायची. रेघेत राहील, बाहेर राहणार नाही, इतकंच पुसायचं. फडक्याने पुसलं तर फडकं रेघेतलीही शाई ओढून घेतं. तळहातच लागतो.

त्याची बायको ब्रीडा. तिचा बाप ऱ्हाईनमधून लाकडाचे तराफे खाली न्यायचा. तराफ्यावर माणसाला दुसरं काही करण्यासारखं नसतं, त्यामुळे ती लहानपणीच पत्ते शिकली आणि लहानपणीच मोठ्या माणसांना हरवायला लागली. ब्राइझाखमध्ये तिच्यासमोर बसायला लोक कचरायचे. आमच्याकडच्या खेळात हुकमाचा खालचा शिपाई सगळ्यांत मोठा. तो राजालाही मारतो, आणि ज्या पानांना आम्ही बादशहा आणि पोप म्हणतो त्यांनाही मारतो. ब्रीडा पोपला मारताना पान असं आपटायची की ‘लाल बैल’ गुत्त्यातली मांजर टेबलाखालून उठून जायची. पण ती खेळायची गांगोल्फच्या पत्त्यांनी.

ओटमारचं दुखणं ते होतं.

पहिला पूर्ण जोड छापून झाला तेव्हा ओटमार तो घेऊन ‘लाल बैल’मध्ये गेला. मीही होतो. टेबलाशी ब्रीडा आणि पिंपं करणारा उर्स. उर्सने पत्ते पाहिले, आणि उचलण्याआधी हात विजारीला पुसले. दोन्ही हात, पुढून आणि मागून. ओटमारच्या ते लक्षात आलं. मला त्याचा चेहरा दिसत होता.

उर्सने पानं उलगडली आणि तो बसून राहिला.

“टाक की,” ब्रीडा म्हणाली.

“थांब. मोजतोय. ओटमार, हा उलटा लटकलाय तो धरायचा का?”

“तोही पक्षीच आहे.”

“आणि ह्याच्या चोचीत आहे तो?”

“तो किडा.”

“मग आठ.”

“नऊ. एक दुसऱ्याच्या मागे आहे. त्याची शेपटी बघ.”

“मागे बसलाय तर मी कशाला मोजू त्याला?”

“अरे बाबा, नव्वी आहे ती!”

“सगळ्यांना सांगितलंस ना आता! माझ्याकडे काय आहे ते सगळ्यांना सांगितलंस!”

पुन्हा वाटले. ह्या वेळी ब्रीडाच अडली. हातातलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. “हे अस्वल बघ कसं बसलंय,” ती म्हणाली. “अगदी आमच्या आत्यासारखं.” उर्सने वाकून पाहिलं. मीही पाहिलं. तोवर हुकूम कोणता होता हे सगळे विसरले. शेवटी ब्रीडाने पत्ते गोळा केले, कडा नीट जुळवल्या आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवले.

“चांगले आहेत,” ती म्हणाली.

“मग खेळ.”

“ओटमार, मला पोपला मारायचंय. तोंडाकडे बघत नाही बसायचं त्याच्या.”

उर्सने खिशातून गांगोल्फचा जोड काढला. काढताना हात पुसले नाहीत.

ओटमारने ते पत्ते विकले नाहीत असं नाही. चांगले विकले. मोठ्या चर्चमधले पाद्री योडोकुस प्रत्येक जोड घ्यायचे, आणि त्यांच्या ओळखीचे सरदार घ्यायचे. एकदा त्यांनी ओटमारला बोलावून घेतलं. मी पत्र्यांची पेटी घेऊन त्याच्याबरोबर होतो. त्यांनी आम्हाला तागाच्या कापडात गुंडाळलेले पत्ते दाखवले, आणि मग एक प्रार्थनेचं पुस्तक. पुस्तकाच्या कडेला ओटमारचं हरीण होतं. मठातल्या कोणी लेखनिकाने पाहून काढलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं, गुडघे मुडपून बसलेलं.

“आता ते कायम राहील,” पाद्री म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं.

“आणि खेळता कधी?” ओटमारने विचारलं.

“काय खेळतो?”

“पत्ते.”

पाद्री हसले. “ह्यांनी? अरे, मी ह्यांच्यावर श्वाससुद्धा सोडत नाही.”

बाहेर आल्यावर ओटमार भराभर पुढे निघाला. उतारावर आल्यावर म्हणाला, “पेलेच झाले शेवटी.”

मग त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तो भिक्षू आला. अनवाणी हिंडणाऱ्या संघातला. मोठ्या चर्चसमोर लाकडी मंचावर उभा राहून तो प्रवचन द्यायचा, आणि खारवलेल्या हेरिंग माशावर दिवस काढून कावलेले आम्ही ऐकायचो. त्याचा विषय जुगार. पत्ते म्हणजे सैतानाची प्रार्थनेची पुस्तकं, असं तो म्हणाला. खेळणारा एकदा पाप करतो. पण पत्ते करणारा त्याच्या पत्त्यांनी जो जो कोणी कुठेही खेळेल त्या प्रत्येकाच्या पापात वाटेकरी. ओटमार माझ्या शेजारी उभा होता. त्याने मान खाली घातली. मला वाटलं घाबरला. नंतर कळलं, तो हिशेब करत होता आणि त्याच्या वाट्याला काहीच येत नव्हतं.

शेवटी चौकात होळी रचली. लोकांनी पत्ते आणले, फासे आणले, सोंगट्यांचे पट, लांब टोकांचे जोडे, खोट्या वेण्या. आगीजवळ एक टेबल मांडलं होतं आणि त्याच्याशी भिक्षूचा जोडीदार ब्रदर पांक्रात्स बसला होता. आलेली वस्तू बघायची आणि आगीत घालायची की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. एका बाईने नवऱ्याची बासरी आणली होती, ती त्याने परत पाठवली. काम चोख करायचा.

ब्रीडाने आपला जोड टाकला. कोपरे गेलेला होता, बदलायलाच झाला होता. गांगोल्फने तर टोपलीभर माल आणला. न विकलेले पत्ते आणि रंगाची सगळी कातडी. कातड्यांची भोकं वापरून वापरून इतकी फाटली होती की बदाम सलगमासारखा दिसायचा.  

गांगोल्फच्या पुढे ओटमार होता. त्याने जोड टेबलावर ठेवला.

“काय आहे?” ब्रदर पांक्रात्स म्हणाला.

“पत्ते.”

ब्रदरने वरचं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. मग बाही मागे सारून एकेक पान सावकाश पाहू लागला. मागची रांग चुळबुळली.

“हे पत्ते नाहीत,” तो म्हणाला.

“पत्ते आहेत.”

“ही हरणं आहेत.”

“हरणांची सत्ती आहे ती.”

“ह्यावर कोणी पैज लावलीय?”

ओटमारने मान हलवून नाही म्हटलं.

“शिव्या दिल्यात कोणी? भांडण झालंय? कोणाच्या घरची चूल विझलीय?”

“अजून नाही.”

“मग ह्यात पाप कुठाय? देवाने केलेले पक्षी आहेत, देवाने केलेली फुलं आहेत. घरी ने आणि भिंतीला लाव. पुढचा!”

“ब्रदर,” गांगोल्फ मागून म्हणाला, “माझ्या पत्त्यांवर खून पडलाय. लाकूडतोड्यांचा. विचारा कोणालाही.”

“टाक इकडे.”

गांगोल्फने टोपली उपडी केली आणि जाताना ओटमारच्या खांद्यावर थाप मारली. “वाईट वाटून घेऊ नकोस, उस्ताद. चित्रं पण लागतात लोकांना.”

ओटमारने आपला जोड उचलला आणि तो निघून गेला. प्रकरण संपलं असं मला वाटलं. थोड्या वेळाने तो परत आला तो खांद्यावर चामड्याची पिशवी घेऊन. पिशवीच्या वजनाने तो एका बाजूला कलला होता. आत काय आहे ते मी चालीवरून ओळखलं. ती माझ्या हाताखालून गेलेली वजनं होती.

ब्रीडानेही ओळखलं. “ओटमार! तांबं आहे ते! ओटमार, अरे वेड्या!”

तो टेबलाशी थांबला नाही. सरळ आगीपाशी गेला आणि पिशवी मध्यभागी भिरकावली. ठिणग्या उडाल्या, लोक मागे सरले.

“काय टाकलंस?” ब्रदर पांक्रात्सने उठून विचारलं.

“पत्ते,” ओटमार म्हणाला.

आग चांगली रचलेली होती. खाली बीच झाडाचे ओंडके, वर वेलींची मुळं. खोट्या वेण्या आणि जोडे ह्यांच्यासाठी एवढ्याची गरज नव्हती. पिशवी जळून फाटली आणि पत्रे निखाऱ्यात पसरले. आधी काळे पडले, मग लाल झाले. मी बघत उभा होतो. तांबं लाल झालं की थंडपणी मारलेला प्रत्येक घाव त्यातून निघून जातो. काढून टाकायला कष्ट पडत नाहीत, फक्त आग लागते.

राख निवल्यावर मी आणि ओटमार दाताळं घेऊन गेलो. त्याचा राग उतरला होता. एकेक पत्रा सापडायला लागला तसा तो जवळजवळ खूश झाला.

“जळले नाहीत.”

“तांबं जळत नाही.”

“रेघा दिसतायत. बघ, दीबोल्ट, दिसतायत.”

माझ्या दुकानात आणून आम्ही ते व्हिनेगर आणि मिठात घातले. वरचं काळं कवच कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघालं. ते कवच म्हणजे तांब्याचंच वरचं कातडं असतं, आणि बारीक रेघा त्या कातड्यातच होत्या. पिसांवरच्या रेघा गेल्या, रेघांमधल्या रेघा गेल्या. खोल कोरलेलं तेवढं राहिलं. ओटमारने पक्ष्यांच्या नव्वीचा पत्रा हातात घेतला आणि टिचकी मारली.

बद्द.

त्याने पुन्हा मारली. मग पत्रा मला दिला. मी मारली नाही. अंगठ्याने कोपरा दाबला, तो वाकला.

“परत बडव,” तो म्हणाला.

“बडवला तर रेघा जातील.”

“आणि नाही बडवला तर?”

“चरकात जातील.”

“म्हणजे जाणारच.”

“हो. पण चरकात गेल्या तर कागद तरी हाती येतील.”

तो विचार करत बसला नाही. “लाव चरक,” म्हणाला.

आम्ही मऊ पत्रे घासले, जितके सोसतील तितके. मी रुळांचा दाब कमी केला, तळहात हलका फिरवला. पानं निघाली. पक्ष्यांना पिसं नव्हती. फक्त बाहेरची रेघ, डोळा आणि चोच. हरणांची लव गेली होती. फांदी, किडा, शेपटीमागची सावली, सगळं गेलं. रानमाणसांच्या अंगावरचे केस गेल्यामुळे ती हजामत करून प्रार्थनेला निघाल्यासारखी दिसत होती. प्रत्येक छापाबरोबर रेघ किंचित फिकी होत होती, पण होती.

पाद्री योडोकुस स्वतः आले. दुकानात वाळत घातलेली पानं त्यांनी हात मागे बांधून पाहिली. मेलेल्या माणसाच्या घरी बोलतात तसं हळू बोलले. “माझ्याकडे चांगले आहेत,” ते म्हणाले. “काळजी करू नकोस. माझ्याकडचे सांभाळतो.” आणि गेले. नंतर त्यांच्याकडून किंवा सरदारांकडून कोणी आलं नाही.

ओटमारने पानांचा गठ्ठा घरी नेला आणि शेगडीच्या लाकडांवर ठेवला. कशासाठी ते उघड होतं.

ईस्टर झालं. उपास संपले, डुकराचं मांस चुलीवर चढलं, बाहेर ऊन पडलं. गावाला खेळायचं होतं आणि गावात एकही पत्ता नव्हता. भिक्षू पुढच्या गावी गेला होता. गांगोल्फने जुनी कातडी जाळली खरी, पण नवी कापायला त्याला वेळ लागत होता, कारण कापणारा माणूसही प्रवचन ऐकून सुधारला होता आणि दुसऱ्या धंद्याला लागला होता. ‘लाल बैल’मध्ये लोक नुसते बसून एकमेकांकडे बघायचे. उर्सने दोन दिवस बायकोशी गप्पा मारल्या आणि आजारी पडला.

मी ओटमारकडे काजळी मागायला गेलो होतो. ब्रीडा स्वयंपाकघरात उभी.

“ते फिके निघालेले पत्ते कुठायत?” तिने नवऱ्याला विचारलं.

“ते खराब आहेत.”

“पक्षी मोजता येतात?”

ओटमारने शेगडीत लाकूड सारलं.

“दीबोल्ट, तू सांग. येतात का?”

“येतात,” मी म्हणालो. “लांबूनसुद्धा येतात.”

“मग आण.”

“ते माझे म्हणून बाहेर जाणार नाहीत,” ओटमार म्हणाला. “पिसं नाहीत त्यांना. लोक म्हणतील ओटमारचा हात गेला.”

“लोक काही म्हणणार नाहीत. लोक खेळतील.”

“मी नऊ पक्ष्यांसाठी सगळा हिवाळा लव्हाळ्यात बसलो.”

“माहीत आहे. तुझे पाय मीच चोळले.” तिने लाकडांवरचा गठ्ठा उचलला. “मला एक सांग. लोकांनी तुझे पत्ते बघावेत असं तुला वाटतं की खेळावेत असं? मी इतकी वर्षं खेळतेय. बघत बसणारा हरतो.”

गठ्ठा तिच्या हातात होता आणि त्याची दुसरी बाजू त्याने धरली होती. शेगडी पेटलेली होती. मी काजळीची गोष्ट नंतर काढावी असं ठरवलं.

“तू नाही,” तो शेवटी म्हणाला. “तुला चिकटवता येत नाही. तू खळ जाड करतेस.”

चिकटवायचं काम त्याने स्वतः केलं, आणि कोरण्यापेक्षा जास्त जपून केलं असं माझं मत आहे. पिठाची पातळ खळ. वर छापील पान, मधे जाड कागद, खाली कोरा कागद. दोघांत हवा राहिली की पत्ता फुगतो, म्हणून मधून कडेकडे बोटाने दाबत जायचं. दगडाखाली ठेवायचं. वाळल्यावर साबण लावून गारगोटीने घोटायचं, पत्ता पत्त्यावर घसरेपर्यंत. कडा सुरीने कापायच्या, सगळ्या अगदी एकसारख्या. एकाचीही कड जरा पुढे राहिली तर वाटणाऱ्याचं बोट तिथे अडतं आणि ब्रीडासारखीला तेवढं पुरतं.

दुपारी आम्ही ‘लाल बैल’मध्ये गेलो. उर्स डुकराची तंगडी खात होता. ब्रीडाने पत्ते टेबलावर टाकले. ओटमार भिंतीशी बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर.

उर्सने एका हातात तंगडी ठेवून दुसऱ्या हाताने पानं उचलली. हात पुसले नाहीत. फुलं, पक्षी, हरणं कोणती ते एकदा विचारून घेतलं, रानमाणसांकडे बघून “हे कोण?” म्हणाला, ब्रीडाने “तुझ्या सासरचे” सांगितलं, आणि खेळ सुरू झाला. पहिल्या हाताला ब्रीडाने अंगठा जिभेला लावून हरणांची पंजी ओढली आणि आपटली. कोणी मोजत बसलं नाही. पाच हरणं. उर्सने श्वापदांचा राजा टाकला आणि राजाच्या तोंडावर तुपकट अंगठा उमटला. ओटमार अर्धा उठला. मी त्याच्या बंडीला धरलं. तो बसला.

वाइन सांडली. ती रानमाणसांच्या राणीखालून वाहत गेली. उर्सने राणी उचलली, विजारीला पुसली आणि परत हातात घेतली. ओटमार बघत होता. काही वेळाने त्याने माझ्या हातून बंडी सोडवून घेतली.

मग ब्रीडाने पोप मारला. फुलांच्या खालच्या शिपायाने. टेबल हललं, मांजर गेली.

“हा शिपाई मघाशी पडला होता!” उर्स ओरडला.

“तो वरचा होता.”

“खालचा होता! मी पाहिला!”

“डोळ्यांत चरबी गेलीय तुझ्या. आधी ती तंगडी ठेव.”

“तराफ्यावरची चोर!”

“काय म्हणालास?”

ह्यानंतर उर्सने ब्रीडाच्या आईबद्दल जे काढलं ते इथे लिहीत नाही. ब्रीडाने तंगडी हिसकावून त्याच्या कानशिलात हाणली. बाक उलटला. तीन-चार जण सोडवायला गेले आणि त्यातले दोघे आपसात सुरू झाले.

ओटमार भिंतीला टेकून बसला होता. तो माझ्या उजव्या कानाकडे वाकला.

“ह्याला भांडण म्हणतात ना?”

“हो.”

“आणि शिव्या?”

“त्याही झाल्या.”

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि वाइन मागवली.

पत्रे मिटेपर्यंत आम्ही छापत राहिलो. शेवटच्या पानांवर पक्षी कुठे आहे हे माहीत असलं तरच दिसायचा, पण गावाला एव्हाना माहीत होतं. ते पत्ते तराफ्यांबरोबर नदीने खाली गेले, भिजले, फाटले, कोणी पायातल्या जोड्यात घातले. त्यांतला एकही आता कुठे नाही. पाद्री योडोकुसांचे आहेत. ते गेल्यावर त्यांच्या भाच्याने घेतले आणि तोही त्यांच्यावर श्वास सोडत नाही असं ऐकतो.

ब्रीडाच्या जोडातली पक्ष्यांची नव्वी उर्सने एकदा हरल्यावर दाताने फाडली. गांगोल्फचे नवे पत्ते बाजारात येऊन बरेच दिवस झाले होते, ती ते घेऊ शकली असती.

“नव्वी पाहिजे,” तिने ओटमारला सांगितलं. “मोजता येईल अशी.”

मी पत्रा बडवला. थंडपणी, शेवटपर्यंत. त्याने टिचकी मारली. खणकन वाजला. मग त्याने त्यावर बाकी कुठल्याही पत्र्यापेक्षा जास्त वेळ घेतला. पान छापून, चिकटवून, घोटून त्याने ब्रीडाच्या पुढ्यात ठेवलं. नऊ पक्षी, तीन ओळींत. बाहेरची रेघ, डोळा, चोच. आठ अगदी सारखे, डावीकडे तोंड करून उभे. नववा पाय खाजवत होता.

ब्रीडाने पान जवळ नेलं, लांब नेलं.

“हा खाजवतोय,” ती म्हणाली.

“मोजता येतो ना?”

“येतो.”

तिने पान जोडात घातलं, पत्ते पिसले आणि वाटायला घेतले.